गोठ्यातली चावरी माशी आणि उकिरड्यातली बारीक गांधीलमाशी: ओळखायची, मोजायची आणि राखायची कशी

धार काढताना म्हैस सारखी पाय आपटते, गाय शेपटीने स्वतःच्याच पोटाला हाणत राहते, वासरं कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी राहतात. पुणे जिल्ह्यात पाऊस लागला की दौंड-शिरूरपासून मांजरी-लोणीपर्यंत गोठ्यागोठ्यात हे दिसतं. फवारा मारला की चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. फवाऱ्याने मरते ती उडणारी माशी. पुढची पिढी मात्र शेणात, सडक्या वैरणीत कोषात बसलेली असते आणि तिथवर औषध नीट पोचत नाही. पोचते ती दोन-तीन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी.

ही गांधीलमाशी बहुतेक गोठ्यांत आधीपासूनच असते. म्हणून सुरुवात खरेदीपासून करू नका. आपल्याकडे ती किती आहे ते आधी मोजा आणि आपल्याच हाताने ती मारली जात असेल तर ते थांबवा. गोठ्यात आणखी गांधीलमाश्या सोडण्याचा विचार त्यानंतर.

माशी कोणती, ते आधी ठरवा

सगळ्या माशा एका उपायाला बधत नाहीत. या लेखात मुख्यतः जी माशी आहे तिचं शास्त्रीय नाव स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. दिसायला घरमाशीसारखीच, म्हणून निम्मे लोक तिला घरमाशीच समजतात. जवळून बघा: घरमाशीची सोंड मऊ असते आणि खाली वळलेली असते, हिची सोंड डोक्यापुढे टाचणीसारखी ताठ निघालेली दिसते. घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात, हिच्या पोटावर काळे ठिपके. ही बहुतेक वेळा जनावराच्या पायांवर, गुडघ्याखाली बसते, आणि रक्त पिऊन झालं की उन्हातल्या भिंतीवर किंवा खांबावर डोकं वर करून विसावते. नर आणि मादी दोघंही रक्त पितात, त्यामुळे भिंतीवर बसलेली प्रत्येक माशी गिऱ्हाईक आहे असं धरून चाला.

मोजणी सोपी आहे. सकाळी ऊन वर आल्यावर पंधरा जनावरांच्या चारही पायांवरच्या माशा मोजा आणि सरासरी काढा. पंधरा जनावरं नसतील तर आहेत तेवढी मोजा. एका जनावरामागे दहाच्या आसपास सरासरी गेली की उपाय करायची वेळ झाली, असा दुग्धव्यवसायातला एक रूढ निकष आहे. ही मोजणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करा आणि धारेच्या वहीतच लिहा. वेगळी वही केली की ती हरवते.

बाकीच्या माशांचं थोडक्यात. म्हशीच्या खांद्यावर-पाठीवर घोळक्याने बसणारी, आकाराने लहान हीमॅटोबिया ताज्या शेणाच्या पोवात अंडी घालते. पोव विखरून वाळवणं हा तिच्यावरचा खरा इलाज, गांधीलमाशीचा फायदा तिथे कमीच. मोठी टॅबॅनस माशी ओढ्याकाठच्या चिखलात वाढते, तिला उकिरड्याशी देणंघेणं नाही. अंगाला चिकटून आडवी पळणारी चपटी हिप्पोबॉस्का अंडी घालतच नाही, पूर्ण वाढलेली अळी टाकते. घरमाशी चावत नाही, पण तिचे कोष चावऱ्या माशीच्या कोषांशेजारीच सापडतात आणि गांधीलमाशी दोन्हींवर जगते. म्हणून पुढचा हिशेब दोघींना मिळून लागू आहे.

ती वाढते कुठे

परदेशी पुस्तकांत चावऱ्या माशीचं घर म्हणून जनावराखालचा गवताचा बिछाना सांगितलेला असतो. आपल्याकडे फरशी किंवा कोबा असतो, बिछाना क्वचितच. म्हणून इथले शेतकरी म्हणतात, आमच्याकडे तिला जागाच नाही. जागा असते. उसाचे वाढे घातले की निम्मे गव्हाणीबाहेर पडतात, जनावर ते तुडवतं, त्यात शेण-मूत मुरतं आणि गव्हाणीच्या बुडाशी चार बोटांचा काळा, ओला थर तयार होतो. चावऱ्या माशीला नुसत्या शेणापेक्षा हे मिश्रण जास्त आवडतं. मुरघासाच्या पिशवीतून सांडलेला, पावसात भिजलेला चाराही तसाच. वासरांच्या खोपटातली ओली जागा, पाण्याच्या हौदाखालची कायमची ओल आणि मूत वाहून नेणाऱ्या नालीची कड या आणखी तीन जागा.

अंड्यापासून माशी व्हायला उबदार हवेत साधारण तीन आठवडे लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. अळी ओलीत वाढते, पण कोषात जायच्या आधी ती जरा कोरड्या जागी सरकते. हे लक्षात ठेवलं तर कोष शोधायला तास लागत नाही. थराच्या मध्यावर खणू नका. त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीशी, उकिरड्याच्या पायथ्याच्या कोरड्या-ओल्या सीमेवर वरचे दोन-चार इंच उकरा.

गांधीलमाशी नेमकं करते काय

कोष म्हणजे तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा कडक पिंप. मादी गांधीलमाशी शेणाच्या फटीतून खाली उतरते, कोषाला डोक्यावरच्या मिशांनी (स्पर्शिकांनी) चाचपते, मग मागच्या नळीने त्याला भोक पाडून आत एक अंडं ठेवते. अंड्यातून निघालेली अळी आतली माशी खाते, तिथेच कोष करते आणि शेवटी बारीक गोल भोक पाडून बाहेर येते. एक माशी कमी, एक गांधीलमाशी जास्त. काही कोषांना मादी नुसती टोचते आणि तिथून पाझरणारा रस स्वतः पिते. अशा कोषातून काहीच बाहेर येत नाही. म्हणून बाहेर पडलेल्या गांधीलमाश्यांवरून काढलेला आकडा तिच्या खऱ्या कामापेक्षा कमीच भरतो.

ती माणसाला, जनावराला चावत नाही, घरात शिरत नाही, दुधावर बसत नाही. गोठ्यात वर्षानुवर्षं वावरणाऱ्या माणसालाही ती दिसलेली नसते.

सगळ्या एकसारख्या नाहीत. स्पॅलांजिया वंशातल्या जाती, उदाहरणार्थ स्पॅलांजिया कॅमेरोनी आणि स्पॅलांजिया एंडियस, काळ्या, लांबट डोक्याच्या आणि खोल शिरणाऱ्या. खताच्या थरात पुरलेले कोष त्यांनाच सापडतात. अंड्यापासून गांधीलमाशी व्हायला त्यांना तीन-चार आठवडे लागतात. मस्किडिफ्युरॅक्स रॅप्टर पृष्ठभागाजवळचे कोष शोधते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. पॅकिक्रेपॉइडियस हीसुद्धा वरवरची. डिऱ्हिनस ओळखायला सगळ्यांत सोपी: डोक्यावर दोन शिंगांसारखे उंचवटे आणि मागच्या मांड्या फुगलेल्या. नेसोनिया एका कोषातून अनेक निघतात. तिला खरी ओढ मेलेल्या जनावरावरच्या माशीची, गोठ्यात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

कोष गोळा करा

साहित्य: खुरपं, बादली, चहाची गाळणी, जुनं वर्तमानपत्र, झाकणाच्या काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या, दाट विणीचं सुती कापड, रबर. शक्य असेल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग.

वर सांगितलेल्या पाच-सहा जागांतून प्रत्येकी खुरपंभर माल घ्या आणि जागेनुसार वेगळा ठेवा. गव्हाणीखालचा माल उकिरड्याच्या मालात मिसळला तर नंतर काहीच कळत नाही. बादलीत पाणी घेऊन एकेका जागेचा माल त्यात सोडा आणि हलक्या हाताने ढवळा. कोष तरंगतात. गाळणीने ते काढून घ्या, कागदावर सावलीत पसरा, तासाभरात वरचं पाणी सुकतं. उन्हात मुळीच ठेवू नका, आतलं सगळं मरतं.

आता तीन ढीग करा. टोपण उडालेले कोष: एका टोकाची कड गोल फाटलेली, म्हणजे माशी निघून गेली. बाजूला किंवा टोकाशी बारीक गोल भोक असलेले: गांधीलमाशी निघून गेली. आणि अखंड कोष. पहिल्या दोन ढिगांवरूनच जागेचा अंदाज येतो, तोही फुकट आणि पाच मिनिटांत. भोकाचे कोष दिसले की तिथे तुमची गांधीलमाशी कामाला आहे. ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि फवाऱ्यापासून लांब ठेवा.

चावरी आणि घरमाशी कोषातच वेगळ्या ओळखायच्या असतील तर मागच्या टोकाची दोन श्वासरंध्रं भिंगाखाली बघा. घरमाशीची मोठी आणि एकमेकांना जवळजवळ खेटलेली असतात. चावरीची लहान, त्रिकोणी आणि लांब-लांब असतात. सवय व्हायला थोडा वेळ जातो. कृषी महाविद्यालयाच्या मुलांना हे काम द्या, त्यांचे डोळे चांगले असतात आणि प्रकल्पही होतो.

बरणी आणि तिचा हिशेब

अखंड कोष बरणीत घाला, प्रत्येक जागेची वेगळी बरणी. वर चिठ्ठी: जागा, तारीख, कोषांची संख्या. निदान शंभर कोष असले तर हिशेबाला अर्थ. कापड दाट विणीचंच हवं, मलमलच्या सैल विणीतून दोन मिलिमीटरची गांधीलमाशी सहज निसटते. बरणी घरात, सावलीत, मुंग्या चढणार नाहीत अशी ठेवा. ताटलीत पाणी घालून त्यात ठेवली तरी चालते.

पहिल्या आठवड्यात माशा निघतात. त्या रोज मोजा आणि काढून टाका. यासाठी बरणी अर्धा तास साध्या फ्रीजमध्ये ठेवली की माशा सुस्त पडतात आणि मोजता येतात. डीप फ्रीजरमध्ये नका ठेवू, कोषही मरतील. इथेच बहुतेक लोक थांबतात: माशा निघाल्या, बरणी धुतली, झालं. पण गांधीलमाशी खरी निघते ती त्यानंतर, दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात. माशा निघायच्या थांबल्या की उरलेले न फुटलेले कोष दुसऱ्या बरणीत घ्या आणि पाच आठवडे पूर्ण होऊ द्या.

समजा शंभर कोषांतून ५५ माशा निघाल्या, २० कोषांना बारीक भोकं पडली, २५ तसेच राहिले. परजीवींचं, म्हणजे गांधीलमाशीने खाल्लेल्या कोषांचं, प्रमाण काढताना फुटलेलेच कोष धरायचे: २० भागिले ७५, म्हणजे सुमारे २७ टक्के. गांधीलमाश्या न मोजता भोकाचे कोष मोजा, नाहीतर एक नेसोनिया आली की आकडा उगाच फुगतो. उरलेले २५ टाकण्याआधी चार-पाच सुईने फोडून बघा. आत वाळलेली माशी असेल तर ओल, ऊन किंवा टोचणं यांपैकी काहीतरी कारण. आत गांधीलमाशीच मरून पडलेली असेल तर बरणी फार कोरडी झाली होती.

जात ओळखायची असेल तर काही गांधीलमाश्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटच्या छोट्या कुपीत ठेवा, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका (पेनाची शाई विरघळते), आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे, तेही लक्षात असू द्या.

याच बरणीतून तुमची पहिली सोडणीही होते. माशा निघून झाल्यावर उरलेल्या कोषांतून पुढे निघतील त्या गांधीलमाश्याच. त्यांतले थोडे मोजणीसाठी ठेवा, बाकीचे गोठ्यात परत न्या. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशवीत घालून सावलीत, कोष सापडले त्याच जागेजवळ टांगा. जाळीतून गांधीलमाशी निघाली पाहिजे, पण कोंबडीची चोच आत गेली नाही पाहिजे. टांगायच्या दोरीला थोडं ग्रीस लावा, मुंग्या एका रात्रीत पिशवी रिकामी करतात. दर महिन्याला हे करत राहिलात तर माशा बरणीत मरतात आणि गांधीलमाश्या गोठ्यात परत जातात. मला तरी लहान गोठ्यासाठी याहून स्वस्त आणि शहाणा उपाय माहीत नाही.

खत काढायचं कसं आणि औषध मारायचं कुठे

गांधीलमाशी घाण गोठ्याला वाचवू शकत नाही. माशी एका खेपेला अनेक अंडी घालते, गांधीलमाशी एकेक कोष शोधत फिरते. खाद्य अमाप असेल तर ती कायम मागेच पडणार. म्हणून गव्हाणीखालचा थर आठवड्यातून एकदा तरी खरवडून काढायचाच, म्हणजे माशीचं तीन आठवड्यांचं चक्र पुरं होत नाही. हौदाची गळती बंद करा. वाढे कुट्टी करून घाला, सांडणं बरंच कमी होतं. ताजं शेण गोबरगॅसमध्ये त्याच दिवशी गेलं तर उत्तमच.

उकिरड्याचं गणित वेगळं आहे. तो एका दिवशी ट्रॉली लावून तळापासून साफ केला तर माश्यांबरोबर गांधीलमाश्यांची पूर्ण पिढी शेतात जाते. उडणाऱ्या माशा गोठ्यातच राहतात, त्या लगेच अंडी घालतात, आणि गांधीलमाशीला पुन्हा जम बसवायला आठवडे लागतात. मोकळ्या केलेल्या उकिरड्यानंतर महिनाभराने माशी उसळते ती यामुळेही. उकिरडा निम्मा-निम्मा काढा: या खेपेला पूर्वेकडचा, तीन-चार आठवड्यांनी पश्चिमेकडचा. खालचा जुना, कोरडा थर थोडा राहू द्या. ताजं शेण मध्यभागी टाकून ढीग उंच ठेवला की आतल्या उष्णतेने अळ्या मरतात, कोष फक्त कडेला उरतात आणि गांधीलमाशीला तिथे पोचणं सोपं जातं.

आता औषध. २०२२ च्या लंपी साथीत महाराष्ट्रात घरोघरी फवारणी झाली आणि ती गरजेची होती, कारण चावऱ्या माशा, डास, गोचीड तो विषाणू पसरवतात. सर्रा हा जनावरांचा रोगही चावऱ्या माशांमुळे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. साथीत पशुवैद्य सांगतील तशी जनावरावर फवारणी करा, त्यात कसूर नको. पण सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनचा उरलेला पंप उकिरड्यावर रिकामा करायची जी सवय आहे ती सोडा. खताच्या आतल्या अळीला त्याने फारसं होत नाही, वर फिरणारी गांधीलमाशी मात्र मरते. औषध भिंतीच्या वरच्या भागावर, खांबावर, माशी विसावते तिथे मारा. चिकट सापळेही तिथेच लावा, पिवळे सापळे उकिरड्याला लागून नकोत. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलेल्या जनावराचं शेण काही दिवस तिथल्या उपयोगी कीटकांनाही घातक असतं, ते वेगळं टाका.

बाहेरून आणून सोडाव्यात का

अमेरिका-युरोपात या गांधीलमाश्या टोचलेल्या कोषांच्या रूपात पाकिटातून विकल्या जातात. डेन्मार्कमध्ये गोठ्यांत आणि वराहगृहांत स्पॅलांजिया कॅमेरोनी सोडून घरमाशी आणि चावरी माशी दोन्ही आटोक्यात आणल्याचे प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या दुग्धगोठ्यांसाठी दर आठवड्याला दुभत्या गायीमागे २०० आणि वासरामागे १००० असं प्रमाण सुचवलं गेलं. वासरामागे जास्त का, हे वासरांच्या खोपटातली ओली जागा आठवली की कळतं. पण मोकळ्या, पसरलेल्या आवारांत निकाल उलटसुलट आले आहेत. गांधीलमाशी लांब उडत नाही आणि शेजारच्या गोठ्यातली माशी मात्र आरामात येते.

परदेशी पाकीट मागवू नका. जिवंत मित्रकीटक आयात करायला वनस्पती विलगीकरण आदेश २००३ खाली परवाना लागतो, आणि आपल्या हवेत रुळलेली जात आपल्याच उकिरड्यात असताना त्याची गरजही नाही. कोणी ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या दुसऱ्या मित्रकीटकाचं कार्ड, खपवू लागला तर घेऊ नका. ट्रायकोग्रामा पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर जगतो, उसाला त्याचा उपयोग आहे, माशीच्या कोषाशी त्याचा संबंध नाही. ऊस घेणाऱ्यांना २००२ नंतरचा लोकरी मावा आठवत असेल. तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे इथलेच मित्रकीटक उपयोगी पडले, आणि जिथे फवारणीचा मारा कमी होता तिथे ते टिकले.

दूध संस्था, बचत गट किंवा महाविद्यालय मिळून वाढवणार असेल तर रीत अशी. गव्हाचा कोंडा पाण्याने ओला करून त्यात थोडी दूधपावडर मिसळा, त्यात घरमाशीची अंडी सोडा, कोष झाले की पाण्यात तरंगवून काढा. एक-दोन दिवसांचे ताजे कोष घ्या, जुने झाले की गांधीलमाशी नाकारते. बरणीतून निघालेल्या गांधीलमाश्या मधाच्या थेंबासह त्यांच्यावर सोडा, एका मादीमागे पाच ते दहा कोष, दोन दिवस. मग कोष वेगळे ठेवा, आठवड्यात निघणाऱ्या माशा माराव्या लागतात, उरलेले गोठ्यात द्या. मस्किडिफ्युरॅक्स गोठवून मारलेल्या कोषांवरही वाढते, त्यामुळे माशी सुटायची भीती राहत नाही. स्पॅलांजियाला जिवंत कोषच बरे. माश्यांचा पिंजरा वस्तीपासून लांब ठेवा आणि दार दुहेरी करा. धायरी-शिवण्याकडे घरांना खेटून असलेल्या गोठ्यात हा उद्योग मांडला तर आधी शेजारी भांडायला येतील.

सोडायचं ठरलं तर मे अखेरीस सुरू करा, माशी वाढायच्या आधी. ऑगस्टमध्ये जनावरांचे पाय काळे झाल्यावर सोडलेल्या गांधीलमाश्या त्या हंगामात फार उपयोगी पडत नाहीत. दर आठवड्याला थोड्या सोडा, एकदाच भरपूर नको. बरणीचा नमुना मे, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर असा वर्षातून चारदा घ्या. पायावरच्या माशा घटल्या आणि भोकाचे कोष वाढले तर सोडणी थांबवा, नुसती राखण चालू ठेवा. दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत तर आधी गव्हाणीखाली वाकून बघा.